चेतापेशीत स्टार्च कुठून आला?

शाळेच्या प्रयोगशाळेत बहुतेकांनी केलेला हा प्रयोग. पेजेच्या थेंबावर आयोडिन टाकायचं, थेंब निळाकाळा झाला की वहीत लिहायचं, ‘स्टार्च आहे’. बटाट्याची फोड, शिळी पोळी, कच्चं केळं, सगळं निळंकाळं. पुढच्या इयत्तेत त्याला एक नियम जोडला जातो. वनस्पती आपली साखर स्टार्चच्या रूपात साठवतात, प्राणी ग्लायकोजेनच्या रूपात. परीक्षेत एका गुणाला येणारा हा फरक. प्राण्याच्या शरीरात स्टार्च तयार होत नाही, हे वाक्य आपण इतक्या सहज पाठ करतो की, ‘का होत नाही?’ असा प्रश्न कुणी विचारत नाही.

तो प्रश्न विचारायला लावणारा एक आजार आहे. तो लहान मुलांना होत नाही, म्हाताऱ्यांनाही होत नाही. तोवर अगदी ठणठणीत असलेल्या शाळकरी मुलांना, साधारण आठ ते अठरा या वयात तो गाठतो. सुरुवात होते फीट येण्याने. आणि मेंदूचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर चेतापेशींच्या आत गोल गोल कण दिसतात. त्या कणांचा रासायनिक तपास केला तर ते प्राण्याच्या ग्लायकोजेनपेक्षा भाताच्या स्टार्चला जास्त जवळचे निघतात.

हे कण पहिल्यांदा पाहिले गोन्झालो रॉड्रिगेझ लाफोरा या स्पॅनिश डॉक्टरने. त्याचा जन्म माद्रिदचा, साल १८८६. रत्नागिरीकरांना हे साल दुसऱ्या दोन कारणांसाठी ठाऊक असतं. त्याच वर्षी ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इंग्रजांनी कैद करून रत्नागिरीत आणलं, आणि त्याच वर्षी रत्नागिरीचं मनोरुग्णालय सुरू झालं. तीन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही. तरी त्या काळाविषयी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. जगभरच्या त्या वेळच्या वेड्यांच्या इस्पितळांत अपस्माराचे रुग्ण ही नेहमीची मंडळी होती. फीट येणं आणि वेड लागणं यांत समाज फारसा फरक करत नसे. दोन्ही भिंतीपलीकडे ठेवण्याच्या गोष्टी होत्या. लाफोरालाही आपला रुग्ण सापडला तो अशाच एका भिंतीपलीकडे, अमेरिकेत वॉशिंग्टनच्या सरकारी मनोरुग्णालयात.

लाफोरा हा सॅन्तियागो रामोन इ काहाल यांच्या तालमीतला. चेतापेशी ही मेंदूची स्वतंत्र वीट आहे हे दाखवणारे आणि १९०६ चं नोबेल मिळवणारे काहाल ते हेच. काचपट्टीवर मेंदूचा पातळ काप ठेवून त्याला नाना रंग देण्याची विद्या लाफोराच्या हातात होती. फिटींनी आणि अंगाला बसणाऱ्या हिसक्यांनी गेलेल्या एका तरुण मुलाच्या मेंदूत त्याला हे कण दिसले, आणि १९११ मध्ये त्याने ते प्रसिद्ध केले, एकदा एकट्याने आणि एकदा बर्नार्ड ग्लूक या सहकाऱ्याबरोबर. जर्मन भाषेतल्या त्या निबंधाच्या शीर्षकातच त्याने कणांना ‘अमिलॉइड’ म्हटलं, म्हणजे स्टार्चसारखे. पुढे स्पेनमध्ये यादवी पेटली, लाफोराला मेक्सिकोत परागंदा व्हावं लागलं, कित्येक वर्षांनी तो माद्रिदला परतला आणि १९७१ साली वारला. आजाराला नाव त्याचं लागलं, पण स्टार्चच्या अंदाजात तो किती अचूक होता हे कळायला पुढची कित्येक दशकं जावी लागली.

आजार घरात कसा शिरतो ते आधी सांगायला हवं, कारण तो आजारासारखा शिरतच नाही. आठवीतल्या मुलाच्या हातून सकाळी चहाचा कप उडतो. आई म्हणते, लक्ष कुठे आहे? आंघोळीला जाताना खांद्याला हिसका बसतो, ब्रश पडतो. मग एखाद्या दुपारी डोळ्यांसमोर दिवे चमकतात, क्षणभर काहीच दिसेनासं होतं. या आजारातल्या बऱ्याच फिटी मेंदूच्या मागच्या भागात, दृष्टीच्या केंद्रात सुरू होतात. मग पहिली मोठी फीट, बहुधा वर्गात. तोवर शाळेतून तक्रारी येऊ लागलेल्या असतात, अक्षर बिघडलंय, गणितं जमत नाहीत, मुलगा आळशी झालाय. कोकणात मग ठरलेल्या गोष्टी होतात. कुणी चप्पल हुंगवतं, कुणी हातात किल्ल्यांचा जुडगा देतं, कुणी ग्रामदेवतेला कौल लावून येतं, कुणी भगताकडे नेतं. मला या सगळ्यांची टर उडवावीशी वाटत नाही. काल धावत असलेलं मूल आज असं का झालं, याचं उत्तर त्या घटकेला डॉक्टरकडेही क्वचितच असतं.

सुरुवातीला औषधाने गुण येतो. व्हाल्प्रोएटसारख्या गोळ्यांनी फिटी आटोक्यात येतात, घरचे सुस्कारा सोडतात. पण वर्ष-दोन वर्षांत गोळ्यांचा जोर ओसरतो. हिसके दिवसभर बसू लागतात, तोल जातो, बोलणं अडखळतं, आठवण पुसट होत जाते. सुरुवात झाल्यापासून साधारण दहा वर्षांत बहुतेक मुलं जातात. हे कठोर सत्य आहे, आणि ते गुळमुळीत करून सांगण्यात अर्थ नाही.

आजार दुर्मीळ म्हणजे किती? दहा लाखांत चारच्या आसपास असा एक अंदाज आहे. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सोळा लाखांच्या थोडी वर होती. म्हणजे कागदावरच्या त्रैराशिकाने जिल्ह्याच्या वाट्याला सहा-सात मुलं. उलट साध्या अपस्माराचं प्रमाण आपल्याकडे हजारी पाच ते दहा धरतात. त्या हिशेबाने जिल्ह्यात फिटी येणारी माणसं आठ ते सोळा हजार भरतील. त्यातल्या फार मोठ्या संख्येचा आजार गोळ्यांनी आटोक्यात राहतो, ती शेती करतात, नोकरी करतात, संसार करतात. म्हणून फीट आली की लाफोरा असेल, असं कुणी मनात आणू नये. पण दुर्मीळ आजारांची गंमत अशी की ते आपल्याला रोजच्या, निरोगी शरीराचं असं काही गुपित सांगतात जे निरोगी शरीर स्वतः कधीच सांगत नाही.

ते गुपित साखर साठवण्याचं आहे. ग्लुकोज हा छोटा रेणू पाण्यात सहज विरघळतो. पेशीने तो सुटा सुटा साठवला तर पाणी आत खेचलं जाऊन पेशी फुगून फुटेल. म्हणून त्याच्या लांब साखळ्या करायच्या. क्लोद बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५७ मध्ये यकृतातून ग्लायकोजेन वेगळं काढलं तेव्हा प्राण्यांची ही युक्ती उघड झाली. आपल्या यकृतात सुमारे शंभर ग्रॅम आणि स्नायूंत चारएकशे ग्रॅम ग्लायकोजेन असतं. ग्लायकोजेनच्या एका कणात पन्नास हजारांवर ग्लुकोज असू शकतात, आणि तरीही तो कण पाण्यात तरंगत राहतो. याचं कारण त्याची रचना. दर आठ-बारा ग्लुकोजमागे साखळीला फांदी फुटते, त्या फांदीला पुन्हा फांदी. इतकी दाट फांद्याफांद्यांची गुंतवळ की कुठलीच साखळी लांब होत नाही, आणि पाण्याला सगळीकडे शिरता येतं. गरज पडली की एन्झाइमं चहूबाजूंनी तुटून पडतात आणि क्षणात साखर मोकळी करतात. पळायचं असेल तर हेच हवं.

वनस्पतीला पळायचं नसतं. तिला पुढच्या पावसापर्यंत टिकणारा साठा हवा. म्हणून स्टार्चमध्ये फांद्या विरळ असतात आणि साखळ्या लांब. लांब साखळ्या एकमेकींभोवती पीळ घालतात, आणि गवताच्या काड्यांची आवळून बांधलेली पेंढी व्हावी तशा एकत्र येतात. मधलं पाणी पिळून निघतं. उरतो तो घट्ट, न विरघळणारा कण. तांदळाचा दाणा कच्चा चावला तर दाताखाली जे कुरकुरतं ते हेच. रत्नागिरीजवळ शिरगावला कोकण कृषी विद्यापीठाचं भात संशोधन केंद्र आहे. ‘रत्नागिरी-१’, ‘रत्नागिरी-२४’ या भातजाती तिथल्या. भाताची जात तयार करणारे लोक दाण्यातल्या स्टार्चमध्ये फांद्या नसलेल्या साखळ्या किती टक्के आहेत हे मोजतात, कारण भात मोकळा फडफडीत होणार की चिकट गोळा होणार, ते त्यावर ठरतं. साखळीच्या लांबीने इतका फरक पडतो. पातेल्यातही आणि, आता कळतंय, मेंदूतही.

लाफोराच्या कणांमध्ये घडतं ते असं. ग्लायकोजेन बनत असताना दोन कामगार एकाच वेळी राबत असतात. एक साखळी लांबवतो, दुसरा फांद्या फोडतो. त्यांचा मेळ जरा जरी चुकला तर एखाद्या कणाच्या साखळ्या जरुरीपेक्षा लांब होतात, त्या पीळ घालायला लागतात, आणि तो कण पाण्यातून खाली बसतो. एकदा खाली बसला की पचवणाऱ्या एन्झाइमांना तो नीट धरता येत नाही. निरोगी शरीरातही असे चुकार कण अधूनमधून होत असणार. फरक एवढाच की निरोगी शरीरात त्यांचा बंदोबस्त करणारं कुणीतरी आहे. या मुलांमध्ये ते नाही.

ते कुणीतरी कोण, हे १९९८ मध्ये कळलं. टोरांटोच्या बाल रुग्णालयात बर्ज मिनासियान आणि स्टीफन शेरर यांच्या गटाने आजारी मुलांच्या कुटुंबांतून एक जनुक शोधलं. त्यातून बनणाऱ्या प्रथिनाला लॅफोरिन म्हणतात. पाच वर्षांनी, २००३ मध्ये, दुसरं जनुक सापडलं, त्याचं प्रथिन मॅलिन. दोन्ही जनुकं सहाव्या गुणसूत्रावरच, पण एकमेकांपासून दूर. दोन्हींतलं कुठलंही एक पूर्ण निकामी झालं की आजार तोच. यावरून असं दिसतं की दोघं एकाच कामाचे भागीदार आहेत. लॅफोरिनच्या एका टोकाला साखरेची साखळी पकडणारा हात आहे. मॅलिनचं काम इतर प्रथिनांवर ‘हे मोडीत काढा’ अशी खूण मारण्याचं. आजचा समज असा की लॅफोरिन वाट चुकलेल्या लांब साखळ्या हुडकतो आणि मॅलिनला तिथे घेऊन जातो.

आता गोष्ट खरोखर अजब होते. मॅथ्यू जेन्ट्री आणि जॅक डिक्सन यांनी लॅफोरिनचे भाऊबंद इतर जिवांत शोधायला घेतले. माशी, कृमी, यीस्ट, म्हणजे प्रयोगशाळेतली सगळी नेहमीची मंडळी तपासली. कुणाकडेच लॅफोरिन नाही. आणि मग तो सापडला पाच एकपेशीय जिवांत, जे सारे एका पुरातन लाल शैवालाच्या वंशातले. लाल शैवालांतली एक जात आम्लाने धुमसणाऱ्या ज्वालामुखीच्या गरम झऱ्यांत राहते. (तुरळ-राजवाडीच्या गरम पाण्याच्या कुंडात पाय सोडून बसणाऱ्याने गैरसमज करून घेऊ नये. त्या आम्लाच्या झऱ्यात कातडी सोलून निघेल.) या जिवांची ओळख म्हणजे ते साखर अशा एका न विरघळणाऱ्या रूपात साठवतात, ज्याची बांधणी लाफोरा-कणांच्या जवळ जाते.

पुढचा प्रश्न ओघानेच आला. भरपूर स्टार्च साठवणाऱ्या हिरव्या वनस्पतींचं काय? त्यांच्याकडे लॅफोरिन नाही, पण त्याच कामाचं दुसरं प्रथिन आहे. मोहरीच्या कुळातल्या एका तणासारख्या रोपात ते बिघडलं की पानांत स्टार्च साचत जातो, रात्री तो मोडताच येत नाही. जेन्ट्रीच्या गटाने २००७ मध्ये अशा बिघडलेल्या रोपात माणसाचं लॅफोरिन घातलं. रोप सुधारलं. हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुन्हा मागे जाऊन वाचलं. ज्या प्रथिनाच्या अभावाने एखाद्या आठवीतल्या मुलाला वर्गात फीट येते, तेच प्रथिन मोहरीच्या भावंडाच्या पानात जाऊन त्याचा स्टार्च मोडून देतं. माणूस आणि वनस्पती यांच्या वाटा वेगळ्या होऊन शंभर कोटींहून अधिक वर्षं झाली. इतक्या दुराव्यानंतरही हत्यार बदलून चालतं.

विज्ञानात मात्र सुरेख गोष्ट पुष्कळदा पुढच्या प्रयोगात अडखळते. वनस्पतीतलं ते प्रथिन स्टार्चवर चिकटलेला फॉस्फेट काढून टाकतं. लॅफोरिनही तेच करतो. तेव्हा सगळ्यांनी मानलं की फॉस्फेट साचल्यामुळेच आजार होतो. मग असे उंदीर तयार केले गेले ज्यांच्या लॅफोरिनला फॉस्फेट काढता येत नाही, पण साखळीला धरता येतं. ते उंदीर ठीक राहिले. फॉस्फेट वाढला, कण झाले नाहीत. २०१७ पर्यंत हे बरंचसं स्पष्ट झालं की खरा गुन्हेगार साखळीची लांबी आहे. म्हणजे वनस्पतीने दिलेला धागा बरोबर होता, फक्त त्यातली गाठ दुसरीकडे होती.

मेंदूच का, हा प्रश्न तरी राहतोच. हे कण मुलांच्या यकृतात, स्नायूंत, हृदयात, कातडीतही असतात. तिथे ते फारसा त्रास देत नाहीत. यकृतातल्या पेशी मरतात, नव्या येतात. चेतापेशी बदलून मिळत नाही. मेंदूचं वजन शरीराच्या दोन टक्के आणि खर्च वीस टक्के, तरी चेतापेशी स्वतःजवळ ग्लायकोजेन जवळजवळ ठेवतच नाही. मेंदूतला जो काही थोडा साठा असतो तो शेजारच्या ताराकार आधारपेशींत. बार्सिलोनाच्या जोआन गिनोव्हार्ट यांच्या गटाने २००७ मध्ये दाखवलं की चेतापेशीकडे ग्लायकोजेन बनवण्याचं यंत्र आहे, पण ते कुलपात ठेवलेलं असतं. ते जबरदस्तीने चालू केलं तर चेतापेशी मरते. सर्वांत जास्त भूक असलेली पेशी घरात दाणा ठेवत नाही, कारण दाणाच तिला मारतो. असं का असावं, याचं पुरतं उत्तर अजून मिळायचं आहे. मला तर हा साऱ्या प्रकरणातला सगळ्यात मोठा अचंबा वाटतो.

याच निरीक्षणातून उपचाराची दिशाही निघाली. बिघडलेलं जनुक दुरुस्त करता येत नसेल तर ग्लायकोजेनचा कारखानाच मंद करा. लाफोराच्या उंदरांमध्ये ग्लायकोजेन बनवणारं एन्झाइम कमी केलं तेव्हा कण झाले नाहीत आणि आजारही टळला. या निष्कर्षावर बेतलेलं, मेंदूतल्या त्या एन्झाइमाचं उत्पादन रोखणारं औषध आता टेक्सासमधल्या डॅलस इथे मोजक्या रुग्णांवर तपासलं जात आहे. दुसरी वाट त्याहून चकित करणारी. भात चावताना आपल्या लाळेतला अमायलेज स्टार्च तोडतो. स्वादुपिंडातही त्याचाच भाऊ असतो. केंटकी विद्यापीठातल्या संशोधकांनी तो अमायलेज एका प्रतिपिंडाच्या तुकड्याला जोडला आणि उंदरांच्या मेंदूत सोडला. कण विरघळू लागले. हे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. मेंदूतला स्टार्च पचवायला पोटातलं पाचक, कल्पना इतकी सरळ की ती आधी कुणाला का सुचली नाही असं वाटावं.

भारतात या आजारावर काम झालेलं आहे आणि ते थोडंथोडकं नाही. बंगळुरूच्या निम्हान्समधून १९९३ मध्ये दक्षिण भारतातल्या लाफोरा रुग्णांवर सविस्तर निबंध प्रसिद्ध झाला. लॅफोरिन नसलेला उंदीर जपानमध्ये तयार करणाऱ्या गटात सुब्रमण्यम गणेश होते. पुढे कानपूरच्या आयआयटीत त्यांनी याच आजाराची प्रयोगशाळा उभी केली. दक्षिण भारत, पाकिस्तान, पश्चिम आशिया, स्पेन, इटली, या पट्ट्यात हा आजार तुलनेने जास्त दिसतो. कारण हवापाण्यात नाही, लग्नांत आहे.

इथे डॉक्टरसमोर हमखास निघणारं एक वाक्य येतं: ‘पण आमच्या घराण्यात कुणालाच नव्हतं हो.’ आई-वडील हे अगदी प्रामाणिकपणे सांगतात, आणि ते खरंही असतं. ऐकणाऱ्याला वाटतं, म्हणजे आनुवंशिक नाही. नेमकं उलट. प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. लॅफोरिनची एक प्रत बिघडली तरी दुसरी काम निभावते. तो माणूस आयुष्यभर धडधाकट. बिघडलेली प्रत अशी पिढ्यानपिढ्या, कुणाला ताकास तूर न लागू देता, पुढे जात राहते. दोन धडधाकट वाहक एकत्र आले की प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता अशी की बाळाला दोन्ही बिघडलेल्या प्रती मिळाव्यात. तेव्हा घराण्यात कुणालाच नसणं हा या आजाराचा नेहमीचाच चेहरा आहे.

कायद्यानेही नेमकी उलटी भीती बाळगली होती. हिंदू विवाह कायद्यात १९७६ च्या दुरुस्तीने वारंवार फीट येणं ही विवाहाची अपात्रता ठरवली, आणि ती तरतूद थेट १९९९ पर्यंत राहिली. ज्यांच्या अपस्माराचा आनुवंशिकतेशी बहुधा काडीमात्र संबंध नाही अशा हजारो मुलींना त्या कलमाचा धाक दाखवला गेला. आणि लाफोरासारखा खरा आनुवंशिक आजार ज्यांच्याकडून पुढे जातो, त्या आई-वडिलांना आयुष्यात एकही फीट आलेली नसते. कलम रद्द झालं ते उत्तमच झालं.

वाहक एकत्र येण्याची शक्यता नात्यात लग्न केल्याने वाढते, कारण दोघांचे आजी-आजोबा एकच. मामेबहिणीशी लग्न हा महाराष्ट्रातल्या अनेक समाजांचा जुना, आवडता रिवाज. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी १९५३ च्या आपल्या नातेसंबंधांवरच्या इंग्रजी ग्रंथात त्याची प्रांतवार, जातवार नोंद केली आहे. (त्या स्वतः ब्रह्मदेशात जन्मलेल्या, इरावती नदीवरून नाव पडलेल्या, आणि दापोलीजवळच्या मुरूडच्या धोंडो केशव कर्वे यांच्या सून.) थिबा राजाची राणी सुपयालत ही त्याची सावत्र बहीण होती, ब्रह्मी राजघराण्यात ते शुद्धतेचं लक्षण मानलं जाई. जनुकांच्या हिशेबात सावत्र भावंडांत एक चतुर्थांश वाटा सामाईक असतो, मामेभावंडांत एक अष्टमांश. थिबाच्या घराण्याला इथे कसलाच आजार चिकटवायचा नाही. एवढंच की राजवाडा असो वा वाडी, वारशाचा हिशेब तोच.

आणि नात्यात लग्न केलं नाही म्हणून सुटका, असंही नाही. मुंबईत बॉम्बे हॉस्पिटलचे मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. भीम सिंघल यांच्याकडे अग्रवाल समाजातली अशी मुलं येऊ लागली ज्यांचं डोकं मोठं, चालणं हळूहळू बिघडणारं, आणि फिटी. गोत्र टाळून केलेली लग्नं, तरी मुलांमध्ये हुबेहूब तीच लक्षणं. त्यांनी १९९० च्या दशकात त्याची नोंद प्रसिद्ध केली, आणि २००१ मध्ये जनुक सापडल्यावर दिसलं की या कुटुंबांत एकच बिघाड पुन्हा पुन्हा आढळतो, कुणा एका दूरच्या पूर्वजाकडून आलेला. तो आजार लाफोरासारखा साठ्याचा, म्हणजे पेशीत नको ते साठत जाण्याचा नाही, मेंदूतल्या पांढऱ्या भागात पाणी साचण्याचा आहे, पण वारशाची वाट हीच. शेजारच्या गुजरातेत अहमदाबादच्या जयेश शेठ यांच्या गटाला टे-सॅक्स या साठ्याच्या आजारात असाच एक बिघाड वारंवार सापडला. नात्यात लग्न टाळण्याचा जुना नियम सात पिढ्यांचा विचार करतो. जनुकाला सत्तर पिढ्याही जास्त नाहीत.

कुत्र्यांनाही लाफोरा होतो. राठ केसांच्या ठेंगण्या डाक्सहुंडमध्ये मॅलिनच्या जनुकात बारा अक्षरांचा एक तुकडा पुन्हा पुन्हा लिहिला जातो आणि जनुक बंद पडतं. हे २००५ मध्ये कळलं. ब्रिटनमधल्या पाळणाऱ्यांनी मग जोड लावण्याआधी रक्ततपासणी सुरू केली आणि नव्या पिलांतलं आजाराचं प्रमाण झपाट्याने खाली आलं. कुत्र्यांसाठी हे कुणाला अवघड वाटलं नाही. माणसांच्या बाबतीत मानापमान आडवे येतात.

निदान कसं होतं, हे मात्र थक्क करणारं आहे. मेंदूच्या आजाराचा पुरावा काखेत सापडतो. घामाच्या ग्रंथींच्या नलिकांमधल्या पेशींतही तेच कण असतात. काखेतल्या कातडीचा बारीकसा तुकडा, एक विशिष्ट गुलाबी-जांभळा रंग, आणि साधं ग्लायकोजेन पचवणाऱ्या एन्झाइमालाही न जुमानणारे गोल ठिपके. अनेक वर्षं निदान याच तुकड्यावर होत आलं. आता रक्तातून जनुकतपासणी होते आणि ती अधिक खात्रीची. निदान लवकर होण्याचा एक रोकडा फायदा आहे. फिनिटॉइन आणि कार्बामाझेपिन ही अपस्माराची नेहमीची औषधं या प्रकारच्या हिसक्यांमध्ये उपायापेक्षा अपाय करू शकतात. आजार ओळखला तर डॉक्टर ती टाळतात.

आज लाफोरावर मंजूर झालेलं असं औषध नाही जे त्याला मुळातून थांबवेल. पण साठ्याच्या आजारांवर काहीच होत नाही, हेही आता खरं राहिलेलं नाही. फिटी आणि अंधत्व आणणाऱ्या बॅटन आजाराच्या एका प्रकारात गहाळ एन्झाइम दर पंधरवड्याला थेट मेंदूच्या पोकळीत सोडलं जातं. अमेरिकेत त्याला २०१७ मध्ये मान्यता मिळाली. किंमत मात्र अशी की ऐकून गप्प बसावं. केंद्र सरकारचं दुर्मीळ आजारांचं धोरण मार्च २०२१ मध्ये आलं, ठरावीक केंद्रांतून रुग्णामागे पन्नास लाखांपर्यंत मदतीची तरतूद पुढच्या वर्षी झाली. महाराष्ट्रासाठी ते केंद्र परळचं केईएम रुग्णालय. रत्नागिरीकराला केईएमची वाट नवी नाही, निम्म्या कोकणाने ती कधी ना कधी तुडवलेली आहे.

म्हणून वाचकाला दोन विनंत्या. समोर कुणाला फीट आली तर चप्पल, कांदा, किल्ली काहीही नको, तोंडात चमचा तर मुळीच नको. माणसाला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही द्या, घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही तर दवाखाना गाठा. आणि मूल वयात येताना फिटींबरोबर सकाळचे हिसके असतील, अभ्यासात घसरण असेल, तर या तिन्ही गोष्टी डॉक्टरांना एकाच वेळी सांगा. गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने कधीही बंद करू नका. दुसरी विनंती ज्यांनी असं मूल गमावलं आहे त्यांना, आणि ती करताना जीभ जड होते. त्याचे कागद वाहत्या पाण्यात सोडू नका. त्या जुन्या तपासण्यांत बिघडलेल्या जनुकाचा पत्ता असेल, तर पुढच्या बाळंतपणात तिसऱ्या महिन्यातच तपासून सांगता येतं, आणि घरातल्या इतर मुलांनाही लग्नाआधी आपण वाहक आहोत का हे कळू शकतं. फाइल जपून ठेवा आणि जनुकीय सल्लागाराला दाखवा.